‘काळजी करणारे आहात का?’ यावर सगळेच हो म्हणतात. सापासच्या मराठी रूपात कुठे चुकतंय?

उंबरठा

नमस्कार मंडळी. क्लिनिकल सायकॉलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि प्रबंधासाठी सापासचं मराठी रूप करते आहे. ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सापास ही आठ प्रश्नांची चाचणी, उत्तर हो किंवा नाही, दोन-तीन मिनिटांचं काम. व्यक्तिमत्त्व विकाराची (स्वभावाची घडणच माणसाला किंवा इतरांना कायम त्रास देते अशा विकाराची) शक्यता वाटते का, पुढे सविस्तर मुलाखत घ्यावी का, एवढंच त्यातून ठरवायचं. मूळ अभ्यास २००३ चा, इंग्लंडमधला, ६० मनोरुग्णांवर झालेला. स्किड-टू या सविस्तर निदान-मुलाखतीशी ताडून पाहिलं तेव्हा ३ किंवा जास्त गुणांवर सेन्सिटिव्हिटी (विकार असलेल्यांतले किती पकडले) ०.९४ आणि स्पेसिफिसिटी (विकार नसलेल्यांतले किती बरोबर सोडले) ०.८५ आली होती.

आता माझं रामायण. मूळ लेखकांची परवानगी घेतली. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, आम्ही बसून त्याचा एक मसुदा केला, आणि मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांकडून उलट, म्हणजे परत इंग्रजीत, भाषांतर करून घेतलं. ते मुळाशी इतकं तंतोतंत जुळलं की मार्गदर्शक म्हणाले, झालं, आता डेटा गोळा करायला लागा.

पण आधी बाह्यरुग्ण विभागातल्या २४ जणांना प्रश्न विचारून पाहिले आणि तिथेच घोडं अडलं. ‘तुम्ही काळजी करणारे आहात का?’ या प्रश्नाला दोघं सोडून सगळे हो म्हणाले, तेही हसून. ‘परिपूर्णतावादी’ म्हटल्यावर लोक माझ्याच तोंडाकडे बघायचे. ‘आवेगशील’ची तीच गत. ‘इतरांवर अवलंबून असता का?’ असं विचारलं की अर्धेअधिक उलट विचारायचे, ‘पैशाने का?’ एका काकांनी संमतीपत्रावरचं ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं वाचलं आणि वर्ग कधी सुरू होणार म्हणून विचारलं.

विश्वासाच्या प्रश्नात मी एक बदल केला आहे. मुळात तो सरळ आहे, लोकांवर साधारणपणे विश्वास ठेवता का, आणि ‘नाही’ला गुण मिळतो. गुण देताना गोंधळ नको म्हणून मी तो ‘विश्वास ठेवत नाही का?’ असा केला, म्हणजे आठही प्रश्नांत ‘हो’लाच गुण.

अल्फा (प्रश्नांची उत्तरं आपसांत किती जुळतात त्याचा आकडा) आला ०.४७. दोन प्रश्न काढले तर तो वाढतो आहे. काढू का? कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून शंका धरायची तो आकडा, ३ च ठेवायचा ना? पुढचा बेत असा आहे की १५० जणांना सापास द्यायचं आणि ज्यांना ३ किंवा जास्त गुण येतील त्यांची स्किड-५-पीडी (स्किड-टूचीच नवी आवृत्ती) मुलाखत मीच घ्यायची. सगळ्यांच्या मुलाखती घेणं एकटीला शक्य नाही.

दुभाषी

मी मानसशास्त्रातली नाही. पोटापाण्यासाठी भाषांतर करते, त्यात वैद्यकीय कागद पुष्कळ असतात. म्हणून फक्त भाषेपुरतं बोलते.

तुमचं उलट भाषांतर जुळलं यात आनंद मानण्यासारखं फार काही नाही. ‘परिपूर्णतावादी’ हा शब्द मराठीत कुणी बोलत नाही. तो इंग्रजी शब्दासाठीच घडवलेला आहे, त्यामुळे ज्याला इंग्रजी येतं त्याला तो दिसताक्षणी मूळ शब्द आठवतो. ‘आवेगशील’चंही तेच. म्हणजे शब्द जितका कृत्रिम, तितकं उलट भाषांतर चोख. तुम्ही त्या जागी ‘उतावीळ’ लिहिलं असतं तर उलट येताना ‘अधीर’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला असता आणि समितीने लाल शाई काढली असती. पण निदान समोरच्याला प्रश्न तरी कळला असता.

‘काळजी’चा घोळ उघड आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. ‘काळजी करणारा माणूस’ म्हणजे बहुतेकांच्या कानाला जीव लावणारा माणूस. त्याला नाही कोण म्हणेल? ‘काळजीखोर’ म्हणा, नाहीतर सरळ क्रियापदाने विचारा: ‘लहानसहान गोष्टींचाही घोर लावून घेता का?’

आणि ते ‘ठेवत नाही का?’ कृपा करून परत सरळ करा. मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की अर्थ दोन निघतात. ‘हो, नाही ठेवत’ आणि ‘हो, ठेवतो की!’ कागदावर दोघांच्याही ‘हो’वरच खूण होणार.

जुनी खुर्ची

दुभाषींनी माझं निम्मं काम हलकं केलं. बाकीचं लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

उंबरठा, तुमच्या जागी मी होतो तेव्हा आमच्या हातात पीडीक्यू-फोर-प्लस ही व्यक्तिमत्त्व विकारांचीच प्रश्नावली होती. ९९ विधानं, बरोबर की चूक. त्यात आतून रिकामं वाटण्याबद्दल विचारलेलं आहे, कारण सततची रिक्ततेची भावना हा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या नऊ निकषांपैकी एक. आम्ही लिहिलं ‘मला नेहमी रिकामं रिकामं वाटतं’. उलट भाषांतर सुरेख. मग एक गृहस्थ आले, शांत, नीटनेटके, त्या विधानावर ठसठशीत ‘बरोबर’. मी आपला खूश, निकष सापडला. सहज विचारलं, कसं वाटतं म्हणजे नेमकं? ते म्हणाले, ‘नोकरी सुटल्यापासून रिकामाच आहे ना साहेब.’

त्या दिवशी आधी भरून घेतलेले सगळे कागद परत काढले. त्यातले किती ‘रिकामे’ बेकार होते आणि किती आतून पोकळ, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता, कारण आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. पुढे ‘आतून ओकंबोकं वाटतं’ असं केलं, ते बरं चाललं. पण गेलेले कागद गेलेच.

तेव्हा पहिलं काम: डेटा गोळा करणं थांबवा आणि दहा-पंधरा जणांबरोबर एकेक प्रश्न घेऊन बसा. याला पुस्तकात कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात, प्रत्यक्षात त्या गप्पाच असतात. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग तीन गोष्टी विचारायच्या. मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा. हो म्हणताना कुठला प्रसंग डोळ्यासमोर आला? आणि, हा प्रश्न तुमच्या भावाला किंवा बहिणीला विचारायचा असता तर कसा विचारला असता? तिसऱ्या प्रश्नातून जे शब्द मिळतात ते कुठल्याही कोशात नसतात. सगळं शब्दशः उतरवून घ्या. शिकलेले, न शिकलेले, प्रमाण भाषा बोलणारे, बोली बोलणारे, सगळे त्यात हवेत. बारावीच्या पुढे शिकलेल्यांनाच घेऊन बसलात तर परत ‘परिपूर्णतावादी’च हाती लागेल.

आता तुमचे प्रश्न. मित्र जोडणं आणि टिकवणं हा सोपा आहे, त्यात हात घालू नका. रागाच्या प्रश्नाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ‘शीघ्रकोपी’ वगैरे केलं असेल तर तो ऋषी पुराणात परत पाठवा. ‘तापट’ हा शब्द आपल्याकडे आयता आहे आणि तो नेमका स्वभावाबद्दलच बोलतो. आज रागावलेल्या माणसाला कुणी तापट म्हणत नाही, तापट म्हणजे मुळातच तसा.

एकटं राहण्याच्या प्रश्नात दोन खड्डे आहेत. ‘एकटे राहता का?’ म्हटलं की लोक घरात माणसं किती ते मोजतात. ‘एकलकोंडे आहात का?’ म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं आणि ते झटकतात. आम्ही शेवटी ‘माणसांत असूनही एकटं एकटं राहणं पसंत करता का?’ इथवर आलो होतो. तेही पूर्ण बरोबर नाही. मुळात पसंतीचा उल्लेख नाही, माणूस एकटा असतो एवढंच आहे, मग तो आवडीने असो की कुणी जवळ करत नाही म्हणून. स्किझॉइड माणूस (ज्याला माणसांची ओढच नसते) आणि अव्हॉइडंट माणूस (ज्याला नाकारलं जाण्याची भीती असते) या प्रश्नाला दोघंही हो म्हणतील अशी मूळ रचना आहे. आमच्या ‘पसंत’मुळे दुसरा गळाला. हे कळायला मला बराच काळ गेला.

‘अवलंबून’ला पैसा चिकटणारच. त्या शब्दाचा रोजचा वापरच तो आहे. ‘लहानमोठे निर्णय घेताना, धीर लागताना दुसऱ्याशिवाय चालत नाही’ अशा वळणाने जा. पण इथे सावध. ज्या घरात निर्णय मिळूनच होतात तिथे ‘विचारल्याशिवाय करत नाही’ हे लक्षण नाही, रीत आहे. आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ साली ज्याला कॅटेगरी फॅलसी म्हटलं ते हेच: एका समाजात तयार झालेला साचा दुसऱ्या समाजातल्या माणसांवर ठेवायचा आणि तो बसला की रोग सापडला म्हणायचं. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही स्पष्ट अट आहे की वागण्यातली अडचण मुख्यतः सामाजिक-सांस्कृतिक कारणांनी समजावता येत असेल तर तिला विकार म्हणायचं नाही. आठ प्रश्नांची चाचणी हा भेद करू शकत नाही. तो मुलाखतीत करायचा. चाचणीने फक्त दार वाजवायचं.

‘परफेक्शनिस्ट’ची सगळ्यात मोठी डोकेदुखी. ‘चोखंदळ’ म्हणजे निवडीत नखरे करणारा, ते नको. ‘काटेकोर’ ही आपल्याकडे शाबासकी आहे, काळजीसारखंच सगळे अभिमानाने हो म्हणतील. ‘काम मनासारखं झाल्याशिवाय हातावेगळं करवत नाही’ हे माझं आवडतं, पण ते नुसतं भाषांतर राहत नाही. तिथे मी प्रश्नात त्रास घातला. मुळात माणूस स्वतःला कोणतं नाव देतो ते विचारलंय, त्याला त्रास होतो का ते नाही. हा बदल करायचा तर प्रबंधात तसं लिहा, कारणासकट, आणि मूळ लेखकांना कळवा. चोरून करू नका. मी केला होता.

शेवटी ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, तो. सापासमध्ये हो-नाहीच्या आधी एक सूचना असते, वर्णन बहुतेक वेळा आणि बहुतेक प्रसंगी लागू पडत असेल तरच हो धरा. सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. समोर बसलेला माणूस आत्ता खचलेला असतो, झोप उडालेली असते. त्याला ‘काळजी करता का, चिडता का, एकटे राहता का’ विचारलं तर आत्ताची अवस्था सांगेल, आणि तुम्ही नैराश्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणून मोजाल. ‘सहसा’, ‘सामान्यतः’, ‘बहुतांश वेळी’ असले शब्द मी सगळे वापरून पाहिले. लोक ते ऐकतच नाहीत, वाक्यातल्या मिठासारखे गिळून टाकतात.

चालला तो ‘एरवी’. ‘आजारपण सोडून द्या. एरवी तुम्ही कसे असता?’ एवढं म्हटलं की माणूस जरा थांबतो, वर बघतो, आणि दुसऱ्याच कुणाची तरी आठवण काढावी तसा स्वतःबद्दल बोलायला लागतो. आठही प्रश्नांच्या आधी ते वाक्य ठेवा आणि मधेमधे ‘एरवी’ परत परत येऊ द्या. उलट भाषांतरात तो शब्द कुठेतरी सांडेल. सांडू द्या.

संमतीपत्रावर ‘स्वभाव’ लिहा. आपल्याकडे ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणजे व्यासपीठावर शोभणारी गोष्ट. ‘स्वभावाला औषध नाही’ असं म्हणणाऱ्या भाषेत हा शब्दही निरुपद्रवी नाहीच, पण निदान वर्ग कधी सुरू होणार असं कुणी विचारणार नाही.

आकडेमोड

जुन्या खुर्चीचं शब्दांबद्दलचं सगळं मान्य. एका ठिकाणी मतभेद: ‘हातावेगळं करवत नाही’ हा नवा प्रश्न आहे, भाषांतर नाही. आठातला एक बदलला तर मूळ २००३ च्या आकड्यांशी तुलना तेवढी लंगडी होते. माझा कल ‘परफेक्शनिस्ट’ हाच शब्द देवनागरीत ठेवून शेजारी एक समजावणारं वाक्य द्यायचं, असा आहे. असो, भांडण जुनं आहे.

उंबरठा, मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या परिच्छेदाची. फक्त ३ किंवा जास्त गुणवाल्यांचीच मुलाखत घेतलीत तर तुमची सेन्सिटिव्हिटी १०० टक्के येईल. बढाई नाही, गणित आहे. चाचणीने ज्यांना सोडलं त्यांच्यातले किती आजारी होते हे तुम्हाला कधी कळणारच नाही, कारण तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. निसटलेले शून्य दिसतील. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात आणि परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवेल. सगळ्यांच्या मुलाखती झेपत नसतील तर कमी गुणवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा, त्यांचीही मुलाखत घ्या, आणि हिशेब करताना त्या निवडीचं वजन लावा. आणि मुलाखत घेणाऱ्याला सापासचे गुण माहीत नकोत. म्हणजे ती तुम्ही घ्यायची नाही. सहाध्यायीशी अदलाबदल करा, तुम्ही तिच्या घ्या, ती तुमच्या घेईल.

आणखी एक. ती स्किड-५-पीडी कुठल्या भाषेत घेणार? समोर बसून तोंडी भाषांतर करत जाणार असाल तर सापासमधून बाहेर काढलेला ‘रिकामा’ तिथून परत आत येईल. मोजपट्टीच लवचीक असेल तर कापड कितीही नीट धरा. डॉ. लोरँगर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली आयपीडीई या व्यक्तिमत्त्व विकारांच्या मुलाखतीचा जो अभ्यास छापला, ११ देशांतल्या १४ केंद्रांत ७१६ रुग्णांवर, आणि त्यात बंगळूरही होतं, तिथे मुलाखतकारांचं आपसांत किती जुळतं हे आधी तपासलं होतं. तुम्हीही निदान काही मुलाखतींना दोघी बसा, स्वतंत्र गुण द्या आणि कॅप्पा, म्हणजे दोघींचं किती जुळतं तो आकडा, काढा.

अल्फाबद्दल. २४ जणांवरच्या अल्फाला काही अर्थ नाही, तो कागद फाडा. पण समजा १५० जणांवरही तेवढाच आला, तरी घाबरू नका. आठ प्रश्नांवर ०.४७ म्हणजे प्रश्नांचं आपसांतलं सरासरी नातं साधारण ०.१०. हेच नातं ठेवून प्रश्न वीस केले तर अल्फा ०.६९ होतो, काहीही न सुधारता. तापटपणा, एकटेपणा आणि काळजी ही एका माळेचे मणी नाहीतच, मुद्दाम वेगवेगळ्या विकारांचं एकेक टोक पकडायला ते आठ प्रश्न निवडलेत. अल्फा वाढावा म्हणून प्रश्न काढणं म्हणजे जाळं लहान करून मासे एकसारखे आहेत म्हणणं. त्यापेक्षा दोन आठवड्यांनी तेच प्रश्न परत विचारून उत्तरं टिकतात का ते पाहा. आणि ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळेच हो म्हणतात त्याचं कशाशीच नातं निघणार नाही, म्हणून काळजीवाला आधी दुरुस्त करा.

जाता जाता, विश्वासाचा प्रश्न उलटा केल्यावर गुणपत्रिकेतही तो उलटा केला होता ना? इतका खाली गेलेला अल्फा पाहिला की मला पहिला संशय तिथेच येतो.

कट-ऑफ भाषांतराबरोबर येत नाही. डच भाषेत लोकांनी स्वतः भरायचं रूप केलं तेव्हा बाह्यरुग्णांमध्ये ३ ऐवजी ४ हा आकडा बरा ठरला होता. तुमचा कुठला ते तुमची आरओसी (प्रत्येक कट-ऑफला किती बरोबर आणि किती उगीच पकडले याचा आलेख) सांगेल. आणि तो सांगितला तरी हे करून बघा: सेन्सिटिव्हिटी ०.९४ आणि स्पेसिफिसिटी ०.८५ जशीच्या तशी धरा. हजार लोक, त्यातल्या ५०० जणांना विकार आहे. चाचणी ४७० बरोबर पकडेल, ७५ उगीच पकडेल. पकडलेल्यांतले ८६ टक्के खरे. आता तीच चाचणी अशा ठिकाणी न्या जिथे हजारात १०० च जणांना विकार आहे. ९४ खरे, १३५ खोटे, म्हणजे पकडलेल्यांतले ४१ टक्केच खरे. चाचणी तीच, भाषा तीच, फक्त दार वेगळं. प्रबंधात ‘मराठी सापास ९४ टक्के अचूक’ असं वाक्य दिसलं तर मी येऊन खोडेन.

नमुन्याबद्दल एकच. १५० हा आकडा मोठा वाटतो, पण सेन्सिटिव्हिटी फक्त विकार असलेल्यांवर मोजली जाते. ते ३० निघाले आणि २८ पकडले गेले, तर ०.९३ भोवतीचा ९५ टक्के पट्टा (खरा आकडा जिथे असू शकतो तो टप्पा) साधारण ०.७९ ते ०.९८ पसरतो. तो पट्टा छापा, लपवू नका.

दुभाषी

‘लवचीक मोजपट्टी’ आवडली. ‘परफेक्शनिस्ट’ देवनागरीत ठेवण्याला माझा विरोध नाही, पण शेजारचं समजावणारं वाक्य प्रत्येक मुलाखतकार आपापल्या परीने वाढवणार. कागदावर छापलेलं वाक्य आणि तोंडी वाढवलेलं वाक्य यात मला तरी माझ्या धंद्यात कायम दुसऱ्यानेच गोत्यात आणलंय.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस तोंड लपवून बसले होते. आकडेमोड, तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. प्रश्न उलटा केला, गुणपत्रिका मुळातलीच राहिली. म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांना शून्य आणि ठेवणाऱ्यांना एक. तो कागद खरंच फाडला.

मार्गदर्शकांना उलट भाषांतराचं सांगितलं तेव्हा आधी रागावले. मग मी ‘रिकामा’ची गोष्ट सांगितली आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, करा गप्पा. मुलाखतींच्या अदलाबदलीला वर्गातली एक जण तयार आहे.

काल आणि आज सहा जणांबरोबर बसले. ‘तापट’ला कुणीच अडलं नाही. काळजीच्या जागी ‘लहानसहान गोष्टींचा घोर लावून घेता का?’ केलं, तर तिघं हो आणि तिघं नाही. एवढ्यावर नाचायला नको हे कळतं, पण नाचले. आवेगासाठी एका मुलानेच वाक्य दिलं. भावाला कसं विचारशील म्हटल्यावर म्हणाला, ‘मनात आलं की करून मोकळा होतोस का रे, पुढचं पुढे?’ ते उचललं आहे. ‘परफेक्शनिस्ट’चे दोन्ही पर्याय निम्म्या-निम्म्या लोकांना विचारते आहे, मग तुमचं भांडण आकड्यांवर लावू.

‘एरवी’वर मात्र अडकले. पाचजण तुम्ही लिहिलंत तसेच थांबले आणि बोलले. सहाव्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मी म्हटलं, आजारपण सोडून द्या, एरवी तुम्ही कशा असता? त्या म्हणाल्या, ‘आजाराला नऊ वर्षं झाली. एरवी म्हणजे मी कुठली धरायची?’ मला उत्तर सुचलं नाही. तो कागद तसाच कोरा ठेवला आहे.

जुनी खुर्ची

कोरा ठेवलात ते उत्तम केलंत. त्यांचं वाक्य जसंच्या तसं समासात लिहून ठेवा, तारीख घालून.

त्या बाईंनी जे विचारलं त्यावर डीएसएम (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका) आणि आयसीडी-११ यांचं एकमत नाही. डीएसएमला सुरुवात पौगंडावस्थेत किंवा तरुणपणीच व्हायला हवी, म्हणजे त्या हिशेबाने नऊ वर्षांपूर्वीच्या बाई धरायच्या. आयसीडी-११, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ती वयाची अट सैल करते. दोन वर्षं किंवा जास्त काळ टिकलेलं असेल तर उशिरा सुरू झालेलंही चालतं. तुमची तुलना स्किडशी, म्हणजे डीएसएमशी आहे. तेव्हा मुलाखतकाराच्या सूचनेत एक ओळ वाढवा: आजार जुना असेल तर ‘आजार सुरू व्हायच्या आधी, तरुणपणी’ असं विचारावं, आणि आठवत नाही म्हणाले तर उत्तर कोरं सोडावं, अंदाजाने हो-नाही करू नये. किती कागद असे कोरे राहिले ते प्रबंधात सांगा.

आणि जमलं तर त्यांच्या बहिणीला, मैत्रिणीला, जुन्या ओळखीच्या कुणाला विचारा. बाईंची परवानगी घेऊन, अर्थात. सापास ज्या मोठ्या मुलाखतीतून निघालं ती मुळात रुग्णाला नव्हे, त्याला ओळखणाऱ्या माणसालाच विचारायची होती. तिथे तुमच्या प्रश्नाचं रूप थोडं बदलेल. ‘एरवी तुम्ही कशा असता?’ नाही, ‘ही आधी कशी होती हो?’

उंबरठा

बहीण गुरुवारी त्यांच्याबरोबर येते म्हणाल्या. विचारते.